टापेला धरून

सुट्या घोड्यांचं काम सुरू झालं की बँडवाल्याने कागदावरची नजर काढायची आणि सगळ्यांत पुढच्या घोड्याच्या पायांवर ठेवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मिरजेच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत मी मोठा झालो आणि तरुणपणी काही वर्षं एका फिरत्या सर्कशीच्या बँडमध्ये होतो. वरातीत बँड पुढे चालतो आणि घोडा मागून येतो. सर्कशीत घोडा पुढे आणि आम्ही त्याच्या मागे. हे एकदा अंगवळणी पडलं की पुन्हा वरातीत वाजवतानाही मान आपोआप मागे वळते, नवरदेवाकडे नाही, घोड्याच्या पायांकडे.

पाठीवर स्वार नाही, लगामाला हात नाही. सहा-आठ घोडे रिंगणात मोकळे धावताहेत आणि मधोमध एकच माणूस लांब चाबूक घेऊन उभा आहे. तो जरा खांदा वळवतो आणि सगळे घोडे उलट फिरतात. जोडीजोडीने येतात, जागच्या जागी गिरकी घेतात, शेवटी एका ओळीत अंगाला अंग लावून उभे राहतात. सर्कशीत याला लिबर्टी म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, घोडे गाण्यावर नाचताहेत. खेळ सुटल्यावर लोक विचारायला यायचे, या घोड्यांना गाणं शिकवायला किती दिवस लागले म्हणून. घोड्याला गाणं कुणी शिकवत नाही. घोडा आपल्या चालीने धावतो. ती चाल ओळखून तिच्यावर बसेल अशी धून निवडायची, आणि वाजवताना लय घोड्याबरोबर कमीजास्त करायची, हे बँडचं काम. तबलजीने गवयाला साथ करावी तसं. आणि या साथीचा आपल्याकडचा इतिहास आमच्या कृष्णाकाठच्या एका माणसापासून सुरू होतो, म्हणून तो मला नीट सांगावासा वाटतो.

सर्कस म्हणजे मुळात घोडेच. वाघ-सिंह, झोपाळे हे सगळं नंतरचं. फिलिप ॲस्टली हा इंग्रज घोडदळातला सार्जंट-मेजर फौजेतून बाहेर पडला आणि १७६८ साली लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला मोकळ्या जागेत घोड्यावरच्या कसरती दाखवू लागला. सरळ धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभं राहणं फार अवघड. गोल धावणारा घोडा किंचित आत कलतो आणि त्या कलण्यामुळेच पाठीवरचा माणूस तोल सांभाळू शकतो. म्हणून रिंगण गोल. पुढे ॲस्टलीने त्याचा व्यास ४२ फूट केला आणि तेच माप जगभरच्या सर्कशींनी उचललं. त्याची बायको घोड्यांच्या कामाला ढोल वाजवायची असं सांगतात. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. सुरावट नाही, साज नाही, नुसता ढोल. पण सर्कशीच्या संगीतातली मुळातली गोष्ट, म्हणजे टाप आणि टिपरू एका वेळी पडणं, तिथेच पक्की झाली.

रिंगणाचं माप सगळीकडे सारखं झालं त्याचा एक परिणाम मला वाजवताना कळला. ४२ फुटांच्या गोलात घोड्याला मनमानी वेग घेताच येत नाही. लंडन असो, बर्लिन असो की मिरज, साधारण त्याच उंचीचा घोडा साधारण त्याच लयीत धावणार. त्यामुळे एका देशातली सर्कशीची धून दुसऱ्या देशातल्या घोड्याला बसते. युरोपात एकोणिसाव्या शतकात नाचघरात वाजणारे पोल्का, वॉल्ट्झ आणि गॅलप सर्कशीच्या बँडने उचलले, आणि ते बँडबरोबर जगभर फिरले. युलियस फुचिक या झेक लष्करी बँडमास्तराने १८९७ मध्ये ग्लॅडिएटरांच्या प्रवेशाचा एक भारदस्त मार्च लिहिला. १९०१ मध्ये कॅनडातल्या एका संगीतकाराने तो छोट्या बँडसाठी बसवून दिला, आणि अमेरिकन सर्कशींनी त्याचा वेग असा काही वाढवला की आज जगातल्या कुठल्याही पोराला तो ऐकल्यावर विदूषकच आठवतो. लढवय्यांसाठी लिहिलेली धून रिंगणाने आपल्या चालीची करून घेतली.

अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीचा बँड मर्ल इव्हान्स यांनी १९१९ पासून पन्नास वर्षं सांभाळला. एका हाताने कॉर्नेट वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने बँडला खुणा करायच्या, अशी त्यांची पद्धत होती. दोन्ही हात कागदात आणि काठीत गुंतलेला माणूस रिंगणाकडे बघू शकत नाही. ६ जुलै १९४४ रोजी हार्टफर्ड गावी तंबूला आग लागली तेव्हा त्यांनी चालू धून तोडून सूसा या संगीतकाराचा मार्च सुरू केला. ती सर्कशीतली धोक्याची खूण होती, कामगारांनी आणि कलाकारांनी ती तत्काळ ओळखली. त्या आगीत दीडशेहून अधिक माणसं गेली. किती वाचली ती त्या वाजवण्यामुळे, हे कोण मोजणार? पण सर्कशीत संगीत ही सजावट नसते, ती आज्ञा असते, हे त्या दिवसाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आता आपल्याकडे येतो.

विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे, आताच्या सांगली जिल्ह्यातले. घरात राहून गाणं येणार नाही हे ओळखून ते ग्वाल्हेरला गेले. त्या काळी गाण्यासाठी ग्वाल्हेर म्हणजे काशीच. तिथे हद्दू खाँसाहेबांकडे त्यांनी गाण्याची तालीम घेतली, आणि त्याच शहरात बाबासाहेब आपट्यांकडे घोडे शिकवण्याची विद्या घेतली. एका गावात, एकाच वयात, दोन गुरू. सकाळी पागेत आणि संध्याकाळी तंबोऱ्यापाशी, असं त्यांचं चाललं असेल असं मी मनाशी धरतो. शिंद्यांचं ग्वाल्हेर हे मराठी घोडदळाचं गाव होतं, आणि ख्यालगायकीचंही. या दोन्ही गोष्टी एकत्र शिकायच्या तर त्याहून योग्य जागा हिंदुस्थानात नव्हती.

परत आल्यावर विष्णुपंत कुरुंदवाड संस्थानात चाबुकस्वार झाले. चाबुकस्वार म्हणजे घोडे तयार करणारा माणूस, नुसता बसणारा नव्हे. १८७० चं दशक संपता संपता मुंबईला जुझेप्पे किआरिनी यांची रॉयल इटालियन सर्कस आली. किआरिनींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यातलं, आणि ते स्वतः घोडे शिकवण्यात नावाजलेले. कुरुंदवाडचे बाळासाहेब पटवर्धन आणि विष्णुपंत ती बघायला गेले. खेळानंतरच्या बोलण्यात किआरिनी म्हणाले, की हिंदी माणसाला स्वतःची सर्कस उभी करायला अजून बराच काळ लागेल. ते शब्द विष्णुपंतांना लागले आणि त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली, अशी ही हकिकत सांगतात. सर्कस निघाली १८८० साली, एवढं खरं. म्हणजे किआरिनींचा ‘बराच काळ’ काही महिन्यांत संपला.

ही हकिकत नेहमी स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण मला त्यात कारागिराची नजर जास्त दिसते. अपमान तर कित्येकांना वाटला असता. विष्णुपंतांना रिंगणात चाललेलं काम कळत होतं. सुटा घोडा चाबकाच्या कोणत्या इशाऱ्यावर वळला हे त्यांना दिसलं असणार, आणि बँडने कुठे लय ओढली हे ऐकू आलं असणार. असे डोळे आणि असे कान एकाच माणसाला असणं ही दुर्मीळ गोष्ट होती.

शिवाय मोकळा घोडा गोल धावतो, हे दृश्य आपल्या लोकांना परकं नव्हतंच. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे येतात. त्यातल्या माउलींच्या अश्वावर कुणी बसत नाही. गोल रिंगणात तो स्वाराच्या घोड्यामागून सुटतो, त्याला गाठतो, पुढे जातो, आणि हजारो लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हेही ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. वारीची आणि सर्कशीची तुलना मला करायची नाही, ती करूही नये. एवढंच म्हणतो, की रिकाम्या पाठीचा घोडा बघून हात जोडणारा प्रेक्षक विष्णुपंतांना आयता मिळाला होता.

पुढचा भाग मला या साऱ्या इतिहासात सगळ्यांत मोलाचा वाटतो. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ. वडील गेले, भाऊ गेला, आणि हा विलक्षण गळ्याचा माणूस अफूच्या आहारी जाऊन, भान हरपून, बनारसच्या रस्त्यांवर भटकत होता असं सांगतात. सर्कस घेऊन तिकडे गेलेल्या विष्णुपंतांना ते सापडले. गुरूच्या मुलाला त्यांनी उचललं, आपल्याबरोबर ठेवलं, सांभाळलं. त्यानंतर रहिमत खाँ सर्कशीच्या बरोबरीने गावोगाव फिरले आणि त्यांचं गाणं ऐकायला लोक जमू लागले. ‘भूगंधर्व’ म्हणून ज्यांना महाराष्ट्राने ओळखलं ते हेच. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे भाऊ काशीनाथपंत यांनी त्यांची काळजी घेतली, आणि १९२२ साली कुरुंदवाडलाच त्यांचं देहावसान झालं. आयुष्याच्या अखेरीच्या त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. आमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर रहिमत खाँच्या आलापीची छाया होती असं जाणकार मानतात, आणि मला ते ऐकताना पटतं.

संगीताच्या पुस्तकांत ही गोष्ट गुरुऋणाची म्हणून येते, सर्कशीच्या पुस्तकांत तर दोन ओळींत उरकते. मी म्हणतो, जरा थांबून बघा. एका मुक्कामात एकीकडे घोड्यांची पागा आणि दुसरीकडे ग्वाल्हेरच्या ख्यालाचा वारस. सकाळचा रियाज आणि सकाळचा घोड्यांचा सराव एकाच मैदानात. असा तळ जगातल्या दुसऱ्या कुठल्या सर्कशीचा असेल? छत्र्यांच्या मागोमाग आमच्या भागात सर्कशींचं पीकच आलं. म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची, शेलारांची. छत्र्यांच्याच सर्कशीच्या संपर्काने केरळात तलश्शेरीच्या कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०१ मध्ये सर्कशीची शाळा काढली. पुढे बहुतेक कलाकार तिकडूनच येऊ लागले. पण मी असताना घोड्यांकडची माणसं मात्र बरीचशी आमच्याच भागातली होती, आणि बँडवालेही.

घोडा कसा तयार होतो ते मी रोज बघत होतो. पहाटे रिंगण रिकामं असायचं. आधी खरारा, मग थोडी चाल, आणि मग एकच घोडा आत. म्होरकीला लांब दोरी. आमचे चाबुकस्वार, त्यांना सगळे दादा म्हणत, मध्ये उभे राहून दोरी धरत. मोतद्दार घोड्याच्या मागे. चाबूक लागायचा नाही. तो घोड्याच्या मागे जमिनीलगत सरकला की पुढे चल, नाकासमोर आला की थांब, खांद्याकडे रोखला की कडेला हो. प्रत्येक घोड्याला नावाने हाक. थांबून आत तोंड केलं की गुळाचा खडा किंवा गाजराचा तुकडा, लगेच. उशिरा दिला तर घोड्याला कळतच नाही कशाबद्दल मिळाला. दोरीवर काम पक्कं झालं की दोरी काढायची, पण म्होरकी तशीच ठेवायची, म्हणजे घोड्याला वाटतं दोरी आहे.

मग दोघं, मग चौघं. सगळ्यांत शांत आणि जुना घोडा पुढे. बाकीचे माणसाकडे बघून कमी आणि त्याच्याकडे बघून जास्त शिकतात. रांगेतला क्रम ठरला की तो मोडायचा नाही, तबेल्यातही त्याच क्रमाने बांधायचे, चंदीही त्याच क्रमाने द्यायची. घोड्यांची आपसांत दोस्ती असते आणि खारही असते. दोन आडदांड घोडे शेजारी शेजारी आले तर रिंगणात एकमेकांना चावायला बघतात, आणि मग रांगेची वाट लागते. तंग, छातीपट्टा, मान आवळून धरणारे बगलेचे पट्टे, डोक्यावरचा तुरा, हे सगळं एकेक करून चढवायचं. तुऱ्याला काही घोडे फार बुजतात. डोक्यावर काहीतरी हलतंय पण दिसत नाही, म्हणून.

संगीताची सवय रिंगणात नाही, तबेल्यात लागते. संध्याकाळी चंदी टाकली की आमचे बँडमास्तर मला एकट्याला घेऊन तिकडे जायचे. भिजवलेला हरभरा खाताना घोड्याचं मन निवांत असतं. मी खालच्या पट्टीत, हळू, त्यांची धून वाजवायची. काही घोडे कान माझ्याकडे फिरवायचे आणि तोंड हरभऱ्यातच ठेवायचे. ही चांगली खूण. पुढच्या टप्प्यात ट्रम्पेट, मग साइड ड्रम नुसत्या कडेवर. ट्रॉम्बोनचा आवाज चालतो, पण ती नळी पुढे-मागे होते ते घोड्याला खपत नाही, म्हणून ट्रॉम्बोनवाला आधी लांब उभा राहायचा. झांज सगळ्यांत शेवटी. आणि झांजेच्याही नंतर टाळ्या. तंबूतली सगळी रिकामी माणसं बोलावून खुर्च्यांवर बसवायची आणि त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या, आधी चार, मग सगळी. हे न करता घोडा थेट खेळात नेला तर पहिल्याच टाळीला तो प्रेक्षकांत शिरेल.

आता धुनेची निवड. दुडकी चाल दोन टापांची. समोरासमोरच्या कोनातले पाय जोडीने पडतात, एक-दोन, एक-दोन. तिला केरवा, म्हणजेच मार्च. दुडकीच्या पुढची आणि भरधावच्या अलीकडची जी दौड असते ती तीन टापांची. बाहेरचा मागचा पाय, मग मधली जोडी, मग आतला पुढचा पाय, आणि त्यानंतर क्षणभर घोडा हवेत. तिला द्रुत दादरा. एका आवर्तनात घोड्याच्या दोन उड्या बसतात. तो हवेतला क्षण बँडला पकडता आला पाहिजे, तिथे टिपरू पडलं तर घोडा आणि गाणं वेगवेगळे दिसतात. आतला पुढचा पाय प्रेक्षकांनाही सगळ्यांत स्वच्छ दिसतो, म्हणून मास्तर जोर तिथे द्यायचे. साधी चाल चार टापांची, तिला काहीही संथ चालतं. मागच्या पायांवर उभं राहताना तर चालच नसते, म्हणून तिथे ड्रमचा नुसता गडगडाट, आणि पुढचे पाय खाली येताच झांज.

लोकांच्या ओळखीची गाणी हवीत, असा मालकांचा आग्रह असायचा. चित्रपटगीतांतून निवड करताना मास्तर काय बघत ते मी मनात टिपून ठेवलं आहे. मध्ये लांब आलाप असलेलं गाणं बाद, कारण घोडा आलापासाठी थांबत नाही. कडवं कुठेही तोडता येईल असं हवं, म्हणजे दादांनी हात वर केला की त्याच आवर्तनात संपवता आलं पाहिजे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ज्या गाण्यावर लोक आपोआप टाळ्यांचा ठेका धरतात ते गाणं घोड्यांना कधीच द्यायचं नाही. टाळ्यांचा ठेका हळूहळू वाढत जातो, बँड त्यात ओढला जातो, आणि बिचारा घोडा मधल्यामध्ये. तसली गाणी सायकलवाल्यांना आणि विदूषकांना.

एकदा दुपारच्या खेळात आमचा साइड ड्रमवाला वाजवता वाजवता मान हलवू लागला. मास्तरांनी डोळ्यांनी विचारलं, त्याने काठीने तिसऱ्या घोडीकडे दाखवलं. दुडकीतली दुसरी टाप थोडी लवकर पडत होती. बघायला काही दिसत नव्हतं, खुद्द दादांनाही नाही. ड्रमवाल्याचं म्हणणं एवढंच, की तिच्यावर नजर ठेवली की माझा उजवा हात अडखळतोय. घोडी बाहेर काढली, नालबंदाला बोलावलं. एक खिळा आत दाबत होता. अजून दोन खेळ झाले असते तर खूर सुजला असता. त्या दिवसापासून दादा सराव असला की ड्रमवाल्याला कडेला बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, “ऐकून सांगा हो, कोण लंगडतंय का.” मला विष्णुपंतांची आठवण येते ती अशा वेळी. गाणं आणि घोडा दोन्ही एकाच माणसाला कळत होतं, ते काम आमच्या काळात दोन माणसांनी मिळून करायचं झालं, पण ते होत होतं.

१९९८ मध्ये सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्या यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ती योग्यच होती, मी पिंजरे जवळून पाहिले आहेत. घोडा त्या यादीत नव्हता. पण प्रेक्षक घटले, खर्च परवडेना, आणि काटछाट पहिल्यांदा बँडवर आली. त्याच्या आधीच कीबोर्ड आला होता, मग कॅसेट. पंधरा माणसांचा पगार वाचला. मात्र कॅसेट घोड्याकडे बघत नाही. धून संपली की संपली, घोडे कुठे का असेनात. मग चाबुकस्वार घोड्यांनाच घाई करतो. ते बघून मला फार वाईट वाटायचं, कारण घोड्याची चूक नसताना त्याला चाबूक दिसायचा. हळूहळू घोडेही गेले.

परदेशात हीच विद्या निराळ्या वाटेने टिकली आहे. ड्रेसाज म्हणजे शिकवलेल्या घोड्यांच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा. १९९६ च्या ॲटलांटा ऑलिंपिकपासून तिच्यात स्वाराने स्वतः निवडलेल्या संगीतावरची फेरी आहे. आणि अमेरिकेत अरबी घोड्यांच्या आणि छोट्या मिनिएचर घोड्यांच्या प्रदर्शनांत लिबर्टीचा स्वतंत्र वर्ग असतो. घोडा रिंगणात मोकळा सोडायचा, आपण निवडलेली धून ठरलेला वेळ वाजते, तेवढ्यात घोड्याने आपला डौल दाखवायचा, आणि धून थांबली की ठरलेल्या वेळात त्याला पकडून म्होरकी घालायची.

माझ्या पुतणीची मुलगी तिकडे एका तबेल्यात अरबी घोडी सांभाळायला जाते. तिने मला विचारलं, आजोबा, कोणती धून घेऊ? तिने आधी घेतलेलं गाणं तिच्या आवडीचं होतं. मी म्हटलं, घोडीच्या चालीचं घे. आधी संगीत न लावता तिला मोकळी सोड, व्हिडिओ काढ आणि घड्याळ लावून टापा मोज. दौडीत ती मिनिटाला शंभराच्या आसपास उड्या घेते असं निघालं, आणि दुडकीत शेपटी वर करून अशी तरंगते की तिथेच सगळं सौंदर्य आहे. बँड नसल्यामुळे मास्तर ऐन वेळी करायचे ते काम आता घरी बसून आधीच करावं लागतं. मोकळी घोडी आधी दुडकी घेईल की दौड, सांगता येत नाही, म्हणून दोन्हींशी नातं जुळेल अशी मधली लय हवी. सुरुवात जोरकस हवी, कारण नव्याने सुटलेला घोडा पहिल्या काही क्षणांतच भरधाव जातो. शेवटचा तुकडा उतरता हवा, झांजेशिवाय, म्हणजे तिला पकडायच्या वेळी घोडीचा श्वास खाली आलेला असेल. दाणा दाखवून पकडायला तिथे परवानगी नाही, त्यामुळे तिने जवळ येण्याची सवय आतापासून लावायला हवी, आणि धून संपताच तिच्या मागे धावायचं नाही, खांदा वळवून उभं राहायचं, हे मी तिला दादांच्या शब्दांत सांगितलं. प्रदर्शन फेब्रुवारीत आहे. दुडकीचा भाग जमला आहे. दौडीसाठी मी पाठवलेल्या दादऱ्याच्या धुनांपैकी एकीची लय तिला किंचित कमी पडते आहे, म्हणून तिने घोडीचा नवा व्हिडिओ काढून पाठवायचं कबूल केलं आहे.